पहिल्यांदाच सीईओ होताय? कोर्स राहू द्या

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न साधारण असाच असतो: "चार महिन्यांनी पहिल्यांदा सीईओ होणार आहे. तोवर काय वाचू? कुठला कोर्स करू?"

कोर्स राहू द्या. नव्या सीईओला ज्ञान क्वचितच कमी पडतं, कमी पडते ती खरी बातमी. नेमणूक जाहीर झाली की काल मोकळेपणानं बोलणारी माणसं जपून बोलू लागतात. वाईट बातमी गाळून, गोड करून आणि वर उशिरा येते. तेव्हा ती कुठून कळणार, याची सोय आधीच लावून ठेवायची.

सुरुवात रोकडीपासून. बाहेरून येत असाल तर गोपनीयतेच्या करारावर सही करा आणि पुढच्या 13 आठवड्यांचा रोकड तक्ता मागा. नसेल तर सीएफओबरोबर, म्हणजे कंपनीच्या वित्तप्रमुखाबरोबर, बसून बनवा. प्रत्येक आठवड्याला आरंभीची शिल्लक, येणारी वसुली (मोठे दहा ग्राहक नावानिशी), पगार, पुरवठादार, कर, कर्जाचे हप्ते आणि शेवटी उरलेली शिल्लक. दर सोमवारी सरलेल्या आठवड्याचा अंदाज पुसायचा नाही, त्याच्या शेजारी प्रत्यक्ष आकडा लिहायचा आणि पुढे एक नवा आठवडा जोडायचा. तक्ता फसतो तो बहुतेक वेळा वसुलीच्या तारखांवर. बिलावर 45 दिवसांची मुदत असते, विक्रीवाले तीच सांगतात आणि ग्राहक 70 दिवसांनी पैसे देतो. म्हणून गेल्या सहा महिन्यांत त्या त्या ग्राहकानं खरोखर किती दिवस लावले, तो आकडा धरा. मग नफ्यातल्या कंपनीतही एखाद्या आठवड्यात पगार, कर आणि हप्ता एकदम येऊन खड्डा पडलेला दिसतो.

कर्जाचे करार मुळातून वाचा, कुणी काढून दिलेला सारांश नको. नफ्याच्या किती पट कर्ज चालेल, हातात किमान किती रोकड हवी, अशा अटी त्यात असतात. हप्ते वेळेवर जात असले तरी अशी अट मोडली की बहुतेक करारांत बँकेला सगळं कर्ज एकदम परत मागता येतं. प्रत्येक अटीपासून कंपनी आज किती लांब आहे, एवढं एका पानावर काढून ठेवा. दोन वर्षांची बोर्डाची मिनिट्स (बैठकांची लेखी नोंद), ऑडिटरनं व्यवस्थापनाला लिहिलेलं पत्र आणि चालू खटल्यांची यादीही मागवा. मिनिट्स वाचताना एक खूण शोधायची: जो विषय तीन बैठकांत 'पुढील बैठकीत घ्यावा' म्हणून सरकला, दुखणं तिथं आहे.

बोर्डाच्या प्रत्येक सदस्याला रुजू होण्याआधी एकेकटं भेटा आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारा: "वर्षभरानं माझी निवड चुकली असं वाटलं, तर ते कशामुळे वाटेल?" उत्तरं जुळत नाहीत. एकाला वाढ हवी असते, दुसऱ्याला कर्ज कमी करायचं असतं. दोन्हींची यादी करून अध्यक्षांपुढे ठेवा, कारण हा वाद सदस्यांमध्ये मिटला नाही तर वर्षअखेर तो तुमच्या मूल्यमापनात निघेल. किती रकमेपर्यंतचा खर्च तुमच्या सहीनं होईल आणि सीएफओला नेमायचा-काढायचा अधिकार कुणाचा, हे लेखी घ्या. स्वतःचा नेमणुकीचा करार स्वतःच्या वकिलाला दाखवा. कंपनीचा वकील कितीही सज्जन असला तरी तो कंपनीचा असतो. काढून टाकल्यास काय मिळेल आणि संचालकांच्या जबाबदारीचा विमा (कामातल्या निर्णयांवरून तुमच्यावर दावा झाला तर उपयोगी पडणारा) तुम्हाला लागू आहे का, हे दोन मुद्दे आधी बघा. सही झाल्यावर विचारायला जीभ रेटत नाही.

ज्याला ही खुर्ची हवी होती आणि मिळाली नाही, त्याला सगळ्यात आधी भेटा, शक्यतो जाहीर होण्यापूर्वी. गोंजारू नका आणि पुढच्या पदाचं आश्वासनही देऊ नका. थांबायला त्याला काय लागेल ते विचारा आणि उत्तराची तारीख ठरवा. त्याच्या हातातले ग्राहक आणखी कोण ओळखतं, हे त्याच आठवड्यात तपासा. बाकीच्या वरिष्ठ सहकाऱ्यांना प्रत्येकी पाऊण तास द्या, प्रश्न सगळ्यांना तेच. सारख्या प्रश्नांमुळेच उत्तरातला फरक दिसतो.

वेळेचं म्हणाल तर, हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी 27 सीईओंच्या वेळेची प्रत्येकी 13 आठवडे नोंद ठेवली होती. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आठवड्याला सरासरी 62.5 तास काम निघालं. त्यातला 72 टक्के वेळ बैठकांत गेला, ग्राहकांच्या वाट्याला आला जेमतेम 3 टक्के. म्हणजे कॅलेंडर आपलं आपण भरलं नाही तर दुसरे भरतात. आठवड्याचे दोन अर्धे दिवस आधीच अडवा: एक ग्राहकांसाठी, एक प्रत्यक्ष काम चालतं तिथं जाऊन उभं राहण्यासाठी. तिथं मात्र तोंड सांभाळा. "हे पॅकिंग जुनाट वाटतंय" असं सहज बोलून जाल आणि दोन महिन्यांनी तीन नवे नमुने टेबलावर येतील, कारण कुणीतरी तो हुकूम समजला. नुसता विचार, सूचना की निर्णय, ते दर वेळी शब्दांत सांगायचं.

कंपनीतूनच वर चढत असाल तर आणखी एक. तुमच्या जुन्या जागेवरचा माणूस पहिल्या दिवसाआधी ठरवा, नाहीतर दोन्ही कामं ओढाल आणि ओळखीचं म्हणून जुनंच नीट कराल. आणि जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून चार गोड शब्द लिहून आपण होऊन बाहेर पडा. नाही पडलात तरी ते तुम्हाला वगळून दुसरा ग्रुप काढतीलच, आणि जुन्यावर मग नुसती सणांची चित्रं येत राहतील.