आमची वाटचाल : आधी ट्रान्सफॉर्मर, मग व्हॉल्व्ह

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या गाळ्याच्या पाटीवर आजही फक्त 'ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग' एवढंच लिहिलेलं आहे. लोक म्हणतात, पाटी बदला, त्यावर पेटलेल्या व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळीचा, फोटो टाका. मी बदलणार नाही. व्हॉल्व्ह काय, कोणीही विकत आणून सॉकेटमध्ये खोचतो. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज घडतो तो व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि आमच्याइतका नीट तो गुंडाळणारा नाशकात दुसरा कोणी असेल तर मला दाखवा.

सुरुवात स्टॅबिलायझर, बॅटरी चार्जर आणि मंडळांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधले जळके ट्रान्सफॉर्मर यांच्यावर झाली. गणपतीच्या आधी गाळ्यात पाय ठेवायला जागा नसायची. २००३ च्या सिंहस्थात साउंडवाल्यांची इतकी कामं आली की रात्रपाळी लावावी लागली. त्याच गर्दीत ओझरचे काका आले. एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, काखेत जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी ओपन, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्याची तार तुटलेली. मी म्हटलं, "काका, सिंहस्थ उरकू द्या." ते म्हणाले, "मशीन मोकळं असेल तर मीच गुंडाळतो की रे." बसले, आणि जे बसले ते बसलेच. भागीदारीचा कागद नंतर झाला, आधी कित्येक महिने फक्त चहाची उधारी सामाईक होती.

काकांनी येताना दोन वस्तू आणल्या. एक, काउंटर बसवलेलं हातमशीन. दुसरी, नाशिकरोडच्या मोटवाने कंपनीचा काट्याचा मल्टिमीटर. हल्लीची पोरं या मीटरकडे बघून हसतात. त्यांना सांगतो, कपॅसिटर चांगला की वाईट हे काटा झोका घेऊन परत येताना जसं दाखवतो, तसं डिजिटलचे आकडे दाखवत नाहीत. हां, ईसीसी ८३ या छोट्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर मात्र काट्याचा मीटर व्होल्टेज कमी दाखवतो, कारण तो स्वतःच करंट खातो. तिथे डिजिटल लावा. दोन्ही घ्या, कंजुषी करू नका.

आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ईएल ८४ या एकाच आउटपुट व्हॉल्व्हवर चालणाऱ्या, म्हणजे सिंगल एंडेड, सेटसाठी साधारण ५००० ओहमची प्रायमरी आणि ८ ओहमची सेकंडरी, म्हणजे स्पीकरकडचं वेटोळं, लागते. भागाकार ६२५, त्याचं वर्गमूळ २५, हेच टर्नचं प्रमाण. म्हणजे प्रायमरीचे ३००० टर्न घेतले तर सेकंडरीचे १२०. एवढं गणित पोरगंही करतं. पण ३००० टर्न एकावर एक भरले आणि वर १२० गुंडाळले, की तिखट आवाज, म्हणजे झांज, टाळ, सतारीची तार, सगळं गिळलं जातं. म्हणून आम्ही प्रायमरीचे तीन भाग करतो आणि मध्ये सेकंडरीचे दोन भाग घालतो, आणि प्रत्येक दोन भागांमध्ये मायलर, म्हणजे वीज अडवणारा प्लास्टिकचा कागद. सिंगल एंडेडच्या प्रायमरीतून डीसी सतत वाहतो, म्हणून स्टॅम्पिंग, म्हणजे कोअरचे ई आणि आय आकाराचे पत्रे, भरताना सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कागदाची गॅप. पॉवर ट्रान्सफॉर्मरसारखे उलटसुलट भरले तर कोअर डीसीनेच तुडुंब होतो आणि बासच्या नावाने बोंब. बाजारातला भोंग्यांसाठीचा पंधरा वॅटचा लाइन ट्रान्सफॉर्मर लावून 'व्हॉल्व्हमध्ये काही दम नाही' म्हणणारे महाभाग आमच्याकडे अधूनमधून येतात. त्यांना आम्ही चहा देतो.

मधली बरीच वर्षं बरी गेली. जुने रेडिओ, सिनेमाच्या थिएटरांतून निघालेले अ‍ॅम्प्लिफायर, पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांचे सेट. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते एका पोराबद्दल. नाव घेत नाही, सातपूरकडे ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांना ते कळेलच. आमच्याकडे शिकला. गेज कसं मोजायचं, मायलर कसा कापायचा, वार्निशमध्ये बुडवलेला ट्रान्सफॉर्मर किती वेळ निथळू द्यायचा, सगळं काकांनी हात धरून शिकवलं. शिकला आणि गेला. जाण्याबद्दल तक्रार नाही, प्रत्येकाला आपलं पोट आहे. पण वर्षभरात बाजारात व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर म्हणून एक पेटी आली. आमच्या तयार सेटसारखीच शिसवी रंगाची बाजू, आमच्यासारखाच पुढे काळा पत्रा, त्यावर ओळीने व्हॉल्व्ह. किंमत आमच्या निम्म्याहून कमी. पुण्याच्या ज्या दुकानदाराने आमच्याकडे मोठी ऑर्डर टाकली होती, त्याचा फोन आला, "तुमच्या गावातलाच दुसरा माणूस एवढ्यात देतोय, तुम्ही का नाही?" ऑर्डर रद्द. त्या ऑर्डरीसाठी तांब्याची तार उधारीवर उचललेली, स्टॅम्पिंग भरलेलं, पत्र्याचे चासिस वाकवून आणि पावडर कोटिंग करून पडलेले. तारवाल्याने उधारी थांबवली. गाळ्याचं भाडं थकलं. हातमशीन सोडून बाकी सगळं विकायचा हिशेब मी एका वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवला होता. काकांनी ती वही पाहिली आणि काही न बोलता मागचं पान फाडून त्यात सोल्डरचे तुकडे बांधले.

ग्राहकांचा मनस्ताप तर विचारू नका. त्या पेट्या बंद पडायला लागल्या तसे लोक आमच्याकडे भांडायला यायचे, कारण पेटी दिसायची आमची. लासलगावचे शेठ असेच आले. कांद्याचे आडते, नाट्यसंगीताच्या रेकॉर्डींचा मोठा संग्रह. टेबलावर पेटी ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, तुमचा माल बोलत नाही." काकांनी पेटी एका हाताने उचलली आणि तिथेच हसले. खऱ्या सेटमध्ये तीन ट्रान्सफॉर्मर असतात, एका हाताने उचलला की मनगट बोलतं. मागचा पत्रा उघडला. आत तळहाताएवढं चिपचं बोर्ड, बाजूला तयार एसएमपीएस, म्हणजे मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी वापरतात तो हलका पॉवर सप्लाय, आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या सॉकेटखाली एक केशरी एलईडी. व्हॉल्व्हच्या एकाही पिनेला वायर जोडलेली नाही. शेठ वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गोणीत वर मोठा कांदा आणि खाली सगळी गोल्टी. आमच्या बाजारात याला लिलावातून उठवतात."

ज्यांना दुकानात ही पेटी ओळखायची आहे त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. बटण दाबल्याबरोबर आवाज आला तर समजा व्हॉल्व्ह शोभेचा. खरा व्हॉल्व्ह तापायला पंधरा-वीस सेकंद घेतोच. दहा मिनिटांनी बोट काचेजवळ न्या, ईएल ८४ जवळ बोट टिकत नाही. आणि उजेड बघा. खरा उजेड आतल्या हीटरचा, मधोमध, बराचसा झाकलेला असतो. खालून वर सगळी काच केशरी उजळली असेल तर तो दिवाळीचा माल. चिपच्या पुढे खरोखर एक व्हॉल्व्ह जोडणारेही लोक आहेत, त्यांना माझा आक्षेप नाही. ते तसं सांगून विकतात.

शेठ निघताना म्हणाले, "आता मला कोणाचीच बंद पेटी नको. मला माझ्या हाताने करायचाय, म्हणजे आत काय आहे ते मला माहीत असेल." साठी उलटलेला माणूस, सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलेलं नाही. मी टाळणार होतो. काका म्हणाले, "रोख आहे का?" रोख होती. पडून राहिलेल्या चासिसपैकी एक त्यांना दिला, सुटे भाग पिशव्यांत भरून दिले, आणि काकांनी वहीत पायरी-पायरीने लिहून दिलं. आज जे किट आम्ही विकतो त्याचा कागद त्याच वहीवरून उतरलेला आहे.

नवशिक्यांनी काय करावं, तर शेठनी केलं तसं करावं. पहिला सेट ईएल ८४ चा, डाव्या आणि उजव्या स्पीकरला एकेक, आणि त्यांच्या आधी दोन्ही बाजूंत मिळून एक ईसीसी ८३. पाच वॅटच्या आसपास निघतात. "एवढेच?" म्हणू नका, ९० डेसिबलच्या वरचे स्पीकर असतील तर दिवाणखान्यात पाच वॅट पुरून उरतात. नावं वाचायला शिका. पहिलं ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, एल म्हणजे आउटपुट पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह), सीसी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचे), आणि ८० च्या घरातला आकडा म्हणजे नऊ पिनांचा बेस. जुन्या रेडिओवाल्याकडे पीएल ८४ मिळाला आणि 'जवळपास तेच' म्हणाला, तर परत द्या. त्याचा हीटर टीव्हीच्या मालिका जोडणीचा आहे. जमलं तर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल ८४ शोधा. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर रशियन व्हॉल्व्ह अडकले आणि भाव चढले, तेव्हा याच जुन्या डब्यांनी आमची लाज राखली.

ट्रान्सफॉर्मरवर २५० व्होल्ट लिहिलंय म्हणून ३०० व्होल्टचा कपॅसिटर लावू नका. डायोडनंतर, व्हॉल्व्ह थंड असताना, तिथे साडेतीनशे उभे राहतात. वर आपल्याकडे रात्री लोड उतरला की लाइन २३० ची २४५ होते. ४५० व्होल्टचाच लावा. त्याला समांतर २२० किलोओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर, म्हणजे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बंद केल्यावर दोनेक मिनिटांत रिकामा होतो. तरीही आधी मीटर लावून बघा, मगच बोट. डावा हात खिशात, म्हणजे झटका एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जाणार नाही. पहिल्यांदा सुरू करताना सिरीज दिव्यातून, म्हणजे लाइन आणि सेट यांच्या मध्ये साधा तारेचा दिवा जोडून, व्हॉल्व्ह न लावता. दिवा भपकन पेटून मंदावला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय गाणं लावू नका, आमचे ट्रान्सफॉर्मर त्याने मेले तर ते आम्ही बदलून देत नाही, हे बिलावर छापलेलं आहे.

शेठनी ईएल ८४ च्या कॅथोडवर मीटर लावला तेव्हा साडेसात व्होल्ट आले. रेझिस्टर १५० ओहमचा, म्हणजे ५० मिलीअँपिअर. त्यातले पाचेक स्क्रीनचे, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या जाळीचे. उरलेले प्लेटचे ४५ गुणिले २५० व्होल्ट, सव्वाअकरा वॅट. व्हॉल्व्हची प्लेट १२ पर्यंत सोसते. शेठनी हा हिशेब आमच्याआधी तोंडी केला, आडत्याला आकडा काय सांगायचा!

मग घरघर. फोनवरच म्हणाले, "भाऊ, गाण्याच्या मागे पाणी उपसल्यासारखं येतंय." काकांनी फोन त्यांच्या स्पीकरजवळ धरायला सांगितला, पण फोनवर ५० हर्ट्झ ऐकू येत नाही, म्हणून शेवटी पेटीच अंबडला आली. घरघर दोन प्रकारची असते. १०० हर्ट्झची, जरा करकरीत, ती फिल्टरची, म्हणजे कपॅसिटर कमी किंवा खराब. ५० ची, जाड आणि खोल, ती हीटरच्या वायरींची नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकाची. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पन्नास." हीटरच्या दोन्ही वायरी शेठनी शोभेसाठी सरळ, समांतर, इनपुटच्या शेजारून नेलेल्या होत्या, आणि सेंटर टॅप, म्हणजे हीटरच्या वेटोळ्याच्या मध्यातून काढलेली वायर, ग्राउंडला (चासिसला) जोडलेलाच नव्हता. वायरींना पीळ घातला, चासिसच्या कोपऱ्यातून नेल्या, टॅप जोडला, घरघर गेली. जुन्या ट्रान्सफॉर्मरला सेंटर टॅप नसेल तर दोन १०० ओहमचे रेझिस्टर लावून खोटा मध्य तयार करा, तेच काम होतं.

त्या संध्याकाळी शेठनी गाळ्यात आपली रेकॉर्ड ऐकली आणि जाताना आणखी तीन किटचे पैसे आगाऊ देऊन गेले, जावयाला, भाच्याला आणि एक 'असू द्या' म्हणून. त्या पैशांनी तारवाल्याची उधारी फिटली. पुढे त्यांनीच बाजार समितीतल्या कोणाकोणाला आणलं. कांद्याचे भाव चढले की आमच्या ऑर्डरी वाढतात आणि पडले की शेठ म्हणतात, "पुढच्या हंगामात बघू." आमचं ताळेबंद लासलगावच्या लिलावाला बांधलेलं आहे, बँकेच्या साहेबांना हे सांगून पटत नाही.

आता किट महाराष्ट्रभर जातं, काही बाहेरही. काका हल्ली आठवड्यातून दोनदा येतात, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा शेवटचा टेस्ट त्यांनीच करायचा हा नियम अजून आहे. दिवाळीला हवं असेल त्यांनी श्रावणातच सांगावं. पावसाळ्यात वार्निश लवकर वाळत नाही आणि ओला ट्रान्सफॉर्मर आम्ही डब्यात भरत नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

सातपूरची ती पेटी आता दुकानांत दिसत नाही. गेल्या महिन्यात तिकडून एका मध्यस्थाकरवी निरोप आला, खरा व्हॉल्व्हचा सेट करायचा म्हणतायत, आउटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळून द्याल का? मी काकांकडे बघितलं. काकांनी दर सांगितला, नेहमीचाच, एक रुपया जास्त नाही, आणि 'रोख' हा शब्द दोनदा सांगायला लावला. अजून उत्तर आलेलं नाही.