तीस मिलिओहम

चांगली चालणारी टॉर्च खोलून तिचं पोट रिकामं करायचं आणि पुन्हा भरायचं, हा उद्योग पाहणाऱ्याला उगाचच वाटतो. छंद उजेडाचा खरा, पण जीव अडकतो तो स्प्रिंगमध्ये, आट्यांमध्ये आणि एलईडीखालच्या तांब्याच्या चकतीत.

सेलला टेकून त्याचा करंट वाहून नेणाऱ्या स्प्रिंगचंच घ्या. तिचा रोध 30 मिलिओहम धरला, तर 5 अँपिअरला तिथेच 0.15 व्होल्ट खर्ची पडतात आणि पाऊण वॅटची नुसती उष्णता होते. आकडा किरकोळ वाटतो. पण पूर्ण भरलेला 18650 सेल, म्हणजे टॉर्चमधला नेहमीचा रिचार्जेबल लिथियम सेल, 4.2 व्होल्टचा, भार पडला की त्याहून खाली येणारा. एलईडीलाच सव्वातीन-साडेतीन लागतात. उरतं किती, तर जेमतेम अर्धा व्होल्ट. त्यातले 0.15 स्प्रिंगने खाल्ले तर बोंबच. म्हणून स्प्रिंगच्या वरच्या टोकापासून बुडापर्यंत सिलिकॉनच्या आवरणाची 22 गेजची वायर सोल्डर करतात. वायर थोडी सैल ठेवायची, नाहीतर स्प्रिंग दबत नाही. सोल्डरिंग आटोपशीर हवं. फार वेळ तापवली तर स्प्रिंगचा ताणच जातो.

मात्र हा उपाय सरसकट नाही. ड्रायव्हर म्हणजे एलईडीला करंट पुरवणारं छोटं सर्किट. त्यातला एफईटी ड्रायव्हर, म्हणजे ट्रान्झिस्टरचा नुसता स्विच असलेला, सेलचा करंट जवळजवळ थेट एलईडीला देतो, तिथे फरक डोळ्यांना दिसतो. एएमसी 7135 या करंट मर्यादित ठेवणाऱ्या आठ चिप असलेला ड्रायव्हर मात्र दर चिपमागे 350 मिलिअँपिअर, म्हणजे एकूण 2.8 अँपिअर, इतकंच सोडतो. जास्तीचा व्होल्ट तो स्वतःच जाळतो. त्या टॉर्चमध्ये स्प्रिंगला वायर जोडून सेल अर्धा रिकामा होईपर्यंत काहीच कळत नाही; तरीही लोक जोडतात, आणि उजेड वाढल्याचं शपथेवर सांगतात.

एलईडी बदलणं हा या कामातला खरा आनंदाचा भाग. चकती तांब्याची घ्यावी, आणि एलईडीचा मधला पॅड थेट तांब्यावर बसेल अशी. साध्या ॲल्युमिनियमच्या चकतीत मध्ये विद्युतरोधक थर असतो, उष्णता तिथेच अडते. तिन्ही पॅडवर सोल्डर पेस्टचा पातळ थर द्यायचा, चिमट्याने एलईडी ठेवायची, चकती हॉट प्लेटवर. 63/37 ची, म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिशाची पेस्ट 183 अंश सेल्सिअसला वितळते. करडा, कोरडा लगदा एकदम चकाकतो, आणि वाकडी ठेवलेली एलईडी पृष्ठताणाने आपसूक सरळ होते. हे कितीही वेळा पाहिलं तरी मन भरत नाही. त्याच क्षणी तिला बाजूने हलकीच टिचकी मारायची: जास्तीचं सोल्डर मण्यांसारखं बाहेर येतं आणि ती पुन्हा जागेवर बसते. वरून दाबायचं नाही. एलईडीवरचा पारदर्शक घुमट मऊ सिलिकॉनचा असतो, आणि बऱ्याच एलईडींमध्ये त्याखाली केसाहून बारीक तारा असतात.

गार झाल्यावर मल्टिमीटर डायोड-चाचणीच्या खुणेवर ठेवून त्याची टोकं एलईडीला लावावीत. मीटर बरा असेल तर एलईडी मंद उजळते. उजळली नाही तर टोकं उलटी लावलीत, नाहीतर दोन पॅडमध्ये सोल्डरचा पूल झाला आहे.

घुमट कापण्याच्या मोहाबद्दल मात्र सावध राहावं. झोत लांब जातो हे खरं, पण एकूण प्रकाश घटतो आणि रंग पिवळट, कधी हिरवट होतो. शिवाय पल्ला दुप्पट करायला झोताची तीव्रता चौपट लागते, हा हिशेब फारसा कोणी आधी करत नाही. त्यापेक्षा 90 च्या वरच्या सीआरआयची (रंग किती खरे दिसतात याचं 100 पैकी माप) एलईडी बसवावी. ल्युमेन कमी भरतील, पण लाल वायर आणि तपकिरी वायर अंधारात वेगळ्या दिसतील.

पुन्हा जोडताना रिफ्लेक्टर आणि चकतीवरचे सोल्डरचे ठिपके यांच्यामध्ये रोधक रिंग हवीच. रिफ्लेक्टर धातूचा असतो. तो धन टोकाला टेकला की सरळ शॉर्ट. झोताच्या मधोमध काळा डाग पडला, तर एलईडी रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर नाही. रिंगची जाडी बदलून पाहावी. आणि इतकं सगळं नीट करूनही टॉर्च लुकलुकू लागली, तर ड्रायव्हरवर संशय घेण्याआधी शेपटीचं टोपण काढून बटण धरून ठेवणारी आतली रिंग आवळावी. बहुतेक वेळा तीच सैल असते.