श्रावणातली श्रीलंका: कोणत्या किनाऱ्यावर जायचं

जुलै-ऑगस्टात श्रीलंकेचा विषय निघाला की मुंबईतल्या घरात पहिला प्रश्न ठरलेला: ‘इथला पाऊस काय कमी आहे?’ याचं उत्तर आकड्यांतच द्यावं. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोलंबोत त्या महिन्यात पडतो साधारण सव्वाशे. वर्षाची बेरीज मात्र दोन्हीकडे जवळपास सारखी, दोन ते अडीच हजार मिलिमीटरच्या दरम्यान. आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. कोलंबोत तो वर्षभर थोडाथोडा पडत राहतो, आणि त्याचा जोर असतो मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

म्हणजे मुंबईकराच्या हातातल्या सुट्ट्यांपैकी पावसाच्या दृष्टीने अडचणीची सुट्टी श्रावणातली नाही, दिवाळीची आहे. आणि नेमका बेत दिवाळीचाच ठरतो.

श्रीलंकेचा पाऊस समजायला सह्याद्री डोळ्यांपुढे आणावा. बेटाच्या मध्यभागी, जरा दक्षिणेकडे, डोंगरांचा मोठा पुंजका आहे. त्यातलं सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागला 2,524 मीटर. मे ते सप्टेंबर जो नैर्ऋत्येचा वारा कोकणात पाऊस आणतो, तोच या डोंगरांना येऊन अडतो. पश्चिम आणि दक्षिण उतारांवर पाणी टाकतो आणि पलीकडे कोरडा होऊन उतरतो. महाबळेश्वरहून पाचगणीला आलं की वीस किलोमीटरांत पाऊस निम्म्याहूनही कमी होतो, आणखी पूर्वेला माण-खटावात तर टँकर लागतात. श्रीलंकेत तेच आहे, फक्त पलीकडच्या अंगाला पठाराऐवजी समुद्र आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी वारा ईशान्येकडून येतो आणि सगळं उलटं होतं: पूर्व किनारा भिजतो, दक्षिण-पश्चिम उघडतो.

त्यामुळे ‘श्रीलंकेत पावसाळा कधी असतो’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. विचारायचं ते असं: या महिन्यात वारा कुठून येतोय आणि आपण डोंगराच्या कोणत्या बाजूला उतरणार आहोत?

गोंधळ होतो तो जाहिरातींमुळे. बेंटोटा, हिक्कडुवा, उनावटुना, मिरिसा ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण ती सगळी नैर्ऋत्य आणि दक्षिण किनाऱ्यावरची आहेत. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी समुद्रात होड्या घालत नाहीत. त्याच वाऱ्याने तोच समुद्र तिथेही खवळलेला असतो. पाऊस थांबून ऊन पडलं तरी लाटा थांबत नाहीत. मिरिसाची देवमासे दाखवणारी सफर नोव्हेंबर ते एप्रिलची आहे, ऑगस्टात कुणी न्यायला तयार झालं तरी जाऊ नका. किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातही शिरू नये. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये जिथे पाणी शांत, गडद दिसतं, तीच जागा घातक असते. किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथूनच मागे खेचलं जातं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दमायला होतं. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा आणि मगच आत या.

या दिवसांत जायचं ते पूर्वेला. त्रिंकोमाली, तिच्या उत्तरेचं निलावेली, दक्षिणेकडे पासिकुडा आणि अरुगम बे. मे ते सप्टेंबर इथलं पाणी काचेसारखं असतं, फक्त अरुगम बेला याच दिवसांत सर्फिंगच्या मोठ्या लाटा असतात. निलावेलीसमोर सुमारे एक किलोमीटरवर पिजन आयलंड आहे. स्नॉर्कलचा मुखवटा लावून प्रवाळ आणि मासे पाहायला हेच महिने योग्य. सकाळी लवकर जा, कारण दुपारी वारा वाढून पाणी गढुळतं आणि गर्दीही होते. प्रवाळावर उभं राहू नका; ते मरतं आणि पायही फाटतो. कातडीला क्रीम फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला, पाठ भाजायची नाही. इथे त्रास पावसाचा नाही, उन्हाचा होतो. डोंगर उतरून येणारा कोरडा, तापलेला वारा तिथे कच्चान म्हणून ओळखला जातो आणि पारा 35 च्या पुढे सहज जातो. छत्री घ्याच, ती उन्हासाठीच उघडाल.

दिवाळीत काय होतं तेही सांगायला हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन मोसमी वाऱ्यांच्या मधला काळ असतो. आपल्या हस्ताच्या पावसासारखा: सकाळ लख्ख, दुपारी दोननंतर ढग, मग गडगडाट आणि झोड. हा पाऊस डोंगराची कोणतीही बाजू पाहत नाही, सगळ्या बेटावर पडतो. वर बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे याच सुमारास येतात. 2025 च्या नोव्हेंबरअखेरीस दित्वा चक्रीवादळाने तिथे पूर आणि दरडींनी मोठा संहार केला. दिवाळीतच जायचं असेल तर सगळं पाहणं दुपारी एकच्या आत उरका, डोंगरातला मुक्काम कमीत कमी ठेवा आणि भाडं परत मिळेल अशाच खोल्या घ्या. नाताळपर्यंत थांबता आलं तर दक्षिण किनारा चांगला उघडलेला मिळतो.

ऑगस्टातल्या आठ दिवसांसाठी आमच्या मते सर्वांत सरळ मार्ग असा. मुंबईहून थेट विमान अडीच तासांच्या आसपास घेतं आणि उतरवतं ते कोलंबोत नाही, शहराच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर कटुनायकेला. कोलंबोत न शिरता जवळच्या निगोंबोत रात्र काढा. सकाळी तिथून सिगिरिया-दंबुल्लाच्या बाजूला, गाडीने चार तास धरा. तिथे दोन रात्री, मग हबरानामार्गे त्रिंकोमाली-निलावेलीला तीन रात्री, आणि परतताना कँडी. हा सगळा पट्टा कँडी सोडल्यास कोरडा आहे.

सिगिरियाचा खडक सुमारे 180 मीटर उंच, पायऱ्या साधारण बाराशे. दार उघडताच चढायला लागा; दहानंतर वरच्या लोखंडी जिन्यावर रांग थांबते आणि सावली कुठेच नसते. जवळच्या मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानात ऑगस्ट-सप्टेंबरात हत्तींचे कळप जमतात. राजा महासेनाने तिसऱ्या शतकात बांधलेल्या तलावाचं पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं, त्यासाठी ते येतात. पण तलाव भरलेला राहिला तर गवतच नाही, मग हत्ती कौडुल्ला किंवा हुरुलूच्या जंगलाकडे सरकतात. म्हणून आधीपासून एका उद्यानाचं तिकीट काढून ठेवू नका. त्या दिवशी दुपारी जीपवाल्याला ‘काल हत्ती कुठे होते’ एवढं विचारा आणि तिकडे जा.

कँडीसाठी कालनिर्णय काढून नारळी पौर्णिमा पाहा. सिंहली पंचांगातली निकिनी पोया बहुधा तीच किंवा तिच्या आदल्या दिवशीची पौर्णिमा असते, आणि बुद्धाचा दात जपणाऱ्या दंतमंदिराचा एसला पेराहेरा हा मिरवणुकीचा उत्सव तिच्या आसपास संपतो. शेवटच्या पाच रात्रींना रंडोली म्हणतात, मिरवणूक सर्वांत मोठी तेव्हाच असते. पावसाच्या सरी आल्या तरी ती थांबत नाही. आसनांवर छत्री उघडली तर मागचे लोक ओरडतात आणि त्यांचं बरोबर असतं. अंगावरचा रेनकोट न्या. दुपारीच जाऊन बसावं लागतं, तेव्हा पाणी आणि खाणं जवळ हवं. पोयाच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि दारू मिळत नाही.

श्रावण पाळणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. श्रीलंकेत ‘व्हेजिटेबल करी’ म्हणून आलेल्या भाजीत, आणि पोळ संबोल नावाच्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीत, हमखास उंबलकड असतं. म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. वाढणाऱ्याच्या लेखी तो मसाला असतो, त्यामुळे ‘आम्ही शाकाहारी’ म्हणून भागत नाही. ‘मालु एपा, उंबलकड एपा’ असं स्पष्ट म्हणा: मासा नको, चुराही नको. त्रिंकोमालीत तमिळ वस्ती मोठी आहे, तिथे इडली-डोशाची सोय होते.

आता डोंगर. नुवारा एलिया 1,868 मीटरवर आहे आणि ऑगस्टात ते पावसाळ्यातल्या महाबळेश्वरसारखं असतं: धुकं, पिरपिर, रात्री स्वेटर लागेल अशी थंडी. धुकंच पाहायचं असेल तर जरूर जा. दऱ्या आणि चहाचे मळे पाहायचे असतील तर पलीकडे एला-बंडारवेलाला उतरा. आगगाडीने जाताना हा बदल डोळ्यांसमोर घडतो. पट्टीपोळा आणि ओहिया या स्टेशनांच्या मध्ये मार्गाचा सर्वांत उंच बिंदू आहे, 1,898 मीटर, आणि तिथेच बोगदा. अलीकडे ढग, पलीकडे पुष्कळदा ऊन. याच कोरड्या वाऱ्यामुळे उवा प्रांतातला चहा जुलै ते सप्टेंबरात सर्वांत सुवासिक उतरतो. घरी न्यायचा तर तो घ्या. दित्वाने हा रेल्वेमार्ग जागोजागी तोडला होता, म्हणून गाडी सध्या कुठवर चालते याची खात्री करूनच आरक्षण करा. श्रीपाद (ॲडम्स पीक) शिखराची यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या पौर्णिमेपर्यंत. ऑगस्टात वाटेवर दिवे नसतात आणि पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

डोंगरात खोली घेताना मागच्या बाजूला उघडा कापलेला उतार आहे का, ते फोटोत पाहा. दरडीचे इशारे तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था पिवळा, अंबर आणि लाल अशा तीन पातळ्यांत देते. अंबर लागला की रात्रीचा घाट टाळा, लाल लागला की उतारावरचं घर सोडा. आपत्तीसाठी क्रमांक 117, रुग्णवाहिकेसाठी 1990.

सिंहराजासारख्या पावसाळी जंगलात गेलात तर जळवा लागणारच. साध्या मोज्यांच्या विणीतून त्या आत शिरतात. गुडघ्यापर्यंतचे घट्ट कापडी जळूमोजे मिळतात, ते पँटच्या वरून बांधा. चिकटलेली जळू ओढू नका, मीठ किंवा पेटती काडी लावू नका. ती पोटातलं जखमेत ओकते. कातडीलगत नख किंवा जुनं कार्ड सरकवून आधी बारीक तोंड सोडवा, मग जाड. तिच्या लाळेतल्या द्रव्याने रक्त गोठत नाही, म्हणून बराच वेळ वाहत राहतं. घाबरण्यासारखं काही नाही, धुऊन पट्टी बांधा. खरी काळजी डासांची. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा 20 ते 30 टक्के डीट (डास पळवणारं द्रव्य) असलेलं मलम सकाळीच लावा. ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो.

बॅगेबद्दल थोडक्यात. सॅकच्या वरचं रेनकव्हर पाठीकडून भिजतंच, म्हणून आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालून तिच्यात सामान भरा. जीन्स नकोच, ती डोंगरात दोन दिवस वाळत नाही. पट्ट्याची सँडल बुटांपेक्षा बरी, कारण देवळांत चपला काढाव्या लागतात. मात्र दुपारच्या तापलेल्या दगडासाठी मोजे ठेवा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की भिंगावर बाष्प धरतं. अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्या. प्लगची सॉकेटं दोन तऱ्हेची आढळतात, त्यांतल्या तीन चौकोनी भोकांच्या सॉकेटसाठी ॲडॅप्टर लागतो.

सगळ्यात जास्त पाऊस लागतो तो घरातून विमानतळावर जाताना. निघायच्या दिवसाची भरती आधी पाहून ठेवा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की शहरातलं पाणी समुद्रात जात नाही, आणि अंधेरी, मिलन हे सबवे आधी बुडतात. अशा दिवशी टॅक्सीपेक्षा भुयारी मेट्रो 3 भरवशाची, तिचं स्टेशन थेट टी-2 जवळ आहे. प्रवासाचा विमा तिकिटाबरोबरच काढा. वादळाला नाव मिळाल्यावर किंवा रेड अलर्ट लागल्यावर काढलेल्या विम्यात त्या वादळाचा दावा बहुधा धरत नाहीत, आणि उशिराची भरपाई किती तासांनंतर सुरू होते हे कागदावर बारीक अक्षरात असतं, तेवढी ओळ सही करण्याआधी वाचा.