सातवी टाइल

फोनवर ताई म्हणाल्या, "मिस्त्री, ओट्याच्या दोन टाइल हलतायत. तुम्हीच बसवल्या होत्या ना?" विचारलं सहजच असेल, पण माझ्या डोक्यात ते अडकून बसलं.

6 वर्षांपूर्वीचं काम. तेव्हा टाइल निवडण्यात आम्ही अख्खी दुपार घालवली होती. त्यांचं मन भिंतीच्या चकचकीत टाइलवर होतं. मीच अडून बसलो. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल 10 टक्क्यांहून जास्त पाणी पिते, आणि टवका उडाला की आतली माती उघडी. व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, 0.5 टक्केसुद्धा पीत नाही. त्यांनी ऐकलं. (ओट्याला टाइल मला आवडते ती दुसऱ्याच कारणाने: जड भांडं पडून फुटली तर तेवढीच बदलता येते.) सांध्यात काय भरायचं, यावर मात्र दोघंही बोललो नाही. पिशवीत सिमेंटचं पांढरं ग्राउट उरलं होतं, तेच भरून मोकळा झालो.

जाऊन बघतो तर टाइल नव्यासारख्या. सिंकजवळचे सांधे मात्र काळे पडलेले, कुठे कुठे झडून रिकामे. नाण्याने ठोकत गेलो. लांबच्या खणखणीत वाजल्या, सिंकभोवतीच्या सात बद्द. पहिली पटाशी लावताच हातात आली. खाली प्लायवूड फुगून पदर सुटलेलं, कुबट वास. आणि टाइलच्या पाठीवर चिकटवायच्या मसाल्याचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार, मधे एक. सही केल्यासारखे. भराभर काम उरकायचं म्हणून तेव्हा मी असेच गोळे ठेवायचो. सांध्यातून झिरपलेलं पाणी मधल्या पोकळीत आरामात फिरलं होतं.

"टाइल खराब निघाल्या का हो?" ताईंनी विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. "टाइल चांगल्या आहेत, ताई. बसवणं वाईट होतं. माझं."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं. आता नीट करा."

सडलेलं प्लायवूड कापून सिमेंट बोर्ड टाकला. दातेरी थापीने मसाला सगळीकडे सारखा ओढला. एक टाइल दाबून परत उचलली, पाठ पूर्ण भरली का ते बघायला. सांधे 3 मिमीचे ठेवून दुसऱ्या दिवशी इपॉक्सी, म्हणजे पाणी न पिणारं राळेचं ग्राउट, भरलं. इपॉक्सी फार छळतं. कालवलं की घड्याळ सुरू. वेळेत ओल्या स्पंजने पुसलं नाही तर टाइलवर चिकट पापुद्रा धरतो, मग बसा खरवडत. त्यापेक्षा वैताग उरलेल्या ओट्याचे जुने सांधे हाताने कोरून काढण्याचा. त्यात दीड दिवस गेला. पैसे मागितले नाहीत.

टाइल सात हव्या होत्या. काढताना एक साबूत निघाली, माळ्यावर ताईंनी पाच जपून ठेवलेल्या. सातवी दुकानातून आणली. नंबर तोच, लॉट वेगळा, रंग किंचित पिवळसर. मुद्दाम नळामागच्या कोपऱ्यात बसवली, वर साबणाचा डबा ठेवला.

ताईंनी आल्या आल्या डबा उचलला.