साडेआठ फुटांची खोली

माझा स्टुडिओ दादरला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. रोजचं काम म्हणजे सिरियलींचं डबिंग आणि जाहिरातींचे आवाज. चेलो, म्हणजे बसून बोने (गजाने) वाजवायचं मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, माझ्याकडे वर्षातून एकदा आला तरी डोक्यावरून पाणी. त्यामुळे मागच्या मे महिन्यात सरांचा फोन आला तेव्हा मी जरा जास्तच उत्साहात हो म्हटलं.

सर म्हणजे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात आयुष्य घालवलेले गिरगावकर. चेलो-व्हायोलिनच्या रांगांत तेव्हा बहुतेक गोवेकर, त्यात हे मराठी. आता घरी शिकवतात. त्यांच्या एका विद्यार्थिनीला, वय सतरा, परदेशातल्या संगीत महाविद्यालयासाठी रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. बाख या जर्मन संगीतकाराच्या तिसऱ्या चेलो सुइटचं (एकट्या चेलोसाठीच्या रचनांच्या मालेचं) प्रिल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग. अट एकच: पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत एकसलग, मध्ये कुठेही जोड नको.

रेकॉर्डिंग पार्ल्याच्या एका शाळेच्या सभागृहात केलं. उंच छत, लाकडी स्टेज, आवाज छान फुलतो. पण रूळ हाकेच्या अंतरावर. शिवाय पंखे बंद ठेवावे लागले. मुलगी प्रत्येक टेकनंतर हात टॉवेलला पुसत होती, आणि दमट हवेत तारा इतक्या सरकत होत्या की वाजवण्यापेक्षा जुळवण्यातच वेळ जात होता. सहा टेक झाले. त्यातले दुसरा आणि पाचवा, दोनच ठेवले. पाचव्यात लोकल होती.

निवड करायला सगळे रविवारी सकाळी माझ्याकडे आले. मी दोन्ही टेकचा आवाज सारखा करून घेतला होता. अर्धा डेसिबल जरी जास्त असला तरी कानाला तेच वादन उजवं वाटतं, हे या धंद्यात फार लवकर कळतं. फायलींना नावं दिली ‘अ’ आणि ‘ब’. सर म्हणाले, ‘‘थांब, आधी कान साफ करू.’’

म्हणजे आधी नामवंत चेलोवादकांची जुनी रेकॉर्डिंगं. पहिले काझाल्स, १९३६ ते १९३९ मध्ये लंडन आणि पॅरिसला केलेली. मागे ग्रामोफोनच्या तव्याचा खरखराट, पण दोन मिनिटांत तो ऐकूच येईनासा होतो. मग स्टार्कर, १९६० च्या दशकातले. माइक इतका जवळ की बोट पट्टीवर पडल्याचा टक् ऐकू येतो. मग रोस्ट्रोपोविच, १९९१ मध्ये फ्रान्समधल्या वेझलेच्या चर्चमध्ये केलेलं. सर म्हणाले, ‘‘इथे निम्मं चर्च वाजवतंय.’’ मला ते तितकंसं पटलं नाही, पण गप्प बसलो.

मग ‘अ’ आणि ‘ब’. प्रिल्यूड सुरू होतं ते पायऱ्या उतरावं तसं, थेट चेलोच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेपर्यंत. तो ‘सी’ स्वर म्हणजे चेलोचा खर्जच, सुमारे ६५ हर्ट्‌झ. पुढे एक मोठा पट्टा येतो, ज्यात ‘जी’ स्वराची मोकळी तार तंबोऱ्यासारखी धरून ठेवलेली आणि तिच्यावर स्वरांची उलथापालथ. शेवटी मोठे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), आणि त्यांच्यामध्ये चक्क शांतता.

मी माझ्या खुर्चीत, मिक्सरसमोर. सर बाजूच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर. मुलगी दाराजवळ स्टुलावर.

मी म्हणालो, ‘‘खालचा सी बोलतच नाहीये सर. दोन्हीकडे. बो तिथे हलका पडतोय.’’

सर माझ्याकडे बघतच राहिले. ‘‘हलका? अरे, ढोलासारखा घुमतोय. किती दाबतेय ती! मी सहा महिने हेच सांगतोय हिला.’’

मुलगी काहीच बोलली नाही. तिचा चेहरा मात्र पडला.

पुन्हा लावलं. मी ठाम, सर ठाम. दहा मिनिटं आम्ही चक्क भांडलो. मी म्हटलं, ‘‘सर, इथे येऊन बसा, स्पीकर नीट समोर येतील.’’ ते माझ्या खुर्चीत, मी सोफ्यावर. पहिला सी आला आणि माझ्या पाठीला सोफा थरथरल्यासारखा झाला. तिकडे सर म्हणाले, ‘‘हे काय? गेला कुठे आवाज?’’

मी उठून टेप आणली. खोलीची रुंदी साडेआठ फूट. म्हणजे २.६ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. समांतर भिंतींमध्ये ज्याच्या लाटेची अर्धी लांबी नेमकी मावते असा सूर शोधायचा: ३४५ ला ५.२ ने, म्हणजे रुंदीच्या दुपटीने, भागा. ६६ हर्ट्झ. खालच्या सी च्या अगदी शेजारी. अशा वेळी भिंतीला चिकटून तो सूर फुगतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. माझी खुर्ची बरोबर मध्यावर होती. आठ वर्षं!

इतक्या वर्षांत कळलं कसं नाही? कारण डबिंगमध्ये ८० हर्ट्‌झच्या खालचं मी सवयीने कापूनच टाकतो. माणसाच्या बोलण्यात तिथे काही नसतं. मी नुसता लाजलो नाही, कोणकोणत्या कामांत काय काय पास केलं असेल ते मनात मोजत बसलो.

मग हेडफोन. आळीपाळीने. दोन्ही टेकमध्ये खालचा सी अगदी जिथल्या तिथे, ना दाबलेला ना हलका. सरांनी हेडफोन काढून मुलीला एवढंच म्हटलं, ‘‘सी ठीक आहे तुझा.’’ सरांच्या तोंडून हे म्हणजे माफीच.

आता उरलं वादन. ‘अ’ स्वच्छ. सुरेल. एकही स्वर बाजूला नाही, पण जरा परीक्षेला बसल्यासारखं. ‘ब’मध्ये एका कॉर्डला वरचा स्वर किंचित खाली, आणि त्या जी च्या पट्ट्यात खालून लोकलची घरघर. मी ती कापायचा प्रयत्न आधीच करून पाहिला होता. पण घरघर नेमकी चेलोच्या खर्जातच मिसळलेली, ती कापली की सी पण पातळ होतो. लंडनच्या किंग्जवे हॉलचीही हीच रड होती. खालून भुयारी रेल्वे जायची, आणि तरी लोक तिथेच रेकॉर्डिंग करायला जायचे. चेलोवादक ज्याकलिन दु प्रेने एल्गारचा चेलो कन्चर्टो (वाद्यवृंदासोबतची रचना) १९६५ मध्ये तिथेच वाजवला.

सर म्हणाले, ‘‘ब. तो जी चा भाग ऐक. कशी थांबते ती तिथे! घाई नाही. हा ठहराव शिकवून येत नाही.’’

तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. ‘‘सर, ते... गाडी येतेय ऐकलं मी. पुढच्या कॉर्डमधल्या शांततेत ती आली असती तर सगळंच गेलं असतं. म्हणून जी वर वेळ काढला, ती जाईपर्यंत.’’

सर दोन क्षण तिच्याकडे बघत राहिले. मग इतके हसले की हेडफोनची वायर ओढली गेली.

‘‘कुठली होती?’’

‘‘विरार फास्ट असेल,’’ ती म्हणाली. ‘‘थांबली नाही.’’

‘ब’च पाठवलं. लोकलसकट.

भिंतींवर आवाज शोषणाऱ्या रॉकवूलच्या जाड गाद्या लावायला सुतार बोलावलाय, पण त्याचा आकडा ऐकून ते काम दिवाळीपर्यंत पुढे ढकललंय. तोवर खुर्ची दीड फूट डावीकडे सरकवून ठेवलीये. डबिंगला येणारे रोज विचारतात, ही अशी तिरकी का बसवलीये म्हणून.