फासात अडकलेलं तरस आणि पंचनामा

हरभरा घाट्यावर आला की आमच्या पाटोदा भागात रानडुकरं रात्रीतून निम्मा तुकडा लोळवून जातात. मग कुणी फटाके उडवतं, कुणी जुन्या साड्या बांधाला गुंडाळतं, अन् कुणीतरी गुपचूप फास लावून मोकळं होतं. फासाला डुक्कर कोण अन् तरस कोण, काय कळतं? आमच्या वईच्या, म्हणजे काटेरी कुंपणाच्या खिंडारात पहाटे सापडलं ते तरस, कंबरेत तार रुतलेलं.

सालगडी पक्कड घेऊन निघालाच होता. मी वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन लावला, तर पलीकडून पहिलं वाक्य आलं, "तार तोडू नका." हाडं फोडणारा जबडा आहे, जवळ जाणं धोक्याचं, हे कुणालाही कळतं. दुसरं कारण मात्र नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. तार रुतली की खालचं रक्त थांबतं अन् मांस मरतं. सोडवलेलं जनावर चालत जातं, आपल्याला बरं वाटतं, अन् काही दिवसांनी ते जखम सडून एखाद्या ओघळीत मरतं. म्हणून फासातून काढलेलं जनावर लगेच सोडायचं नसतं, नजरेखाली ठेवायचं असतं.

माणसं यायला उशीर झाला, कारण शेत नेमकं कुणाच्या हद्दीत यावर दोन कार्यालयांची आधी फोनाफोनी झाली. तोवर आमचं काम एकच होतं, गर्दी मागं रेटणं. व्हिडिओ काढणारी पोरं जवळ सरकली की तरस उसळायचं, अन् उसळलं की फास आणखी आवळायचा. दुपारी गुंगीचं इंजेक्शन देऊन तार कापली, डोळ्यांवर पोतं टाकलं अन् पिंजऱ्यात घालून उपचाराला नेलं.

खरी किचकट गोष्ट पुढंच होती. गार्डसाहेबांनी पंचनाम्यात लिहिलं, "शेतात तार आढळून आली." पंच म्हणून आमचे शेजारचे बप्पा होते, उभी हयात शेरडं राखण्यात गेलेली. ते म्हणाले, "सायेब, तार तर कुंपनाला बी असती. फास लिवा. अन् कसा लावला ते बी लिवा."

मग बप्पांनी उकिडवं बसून दाखवलं. मोटारसायकलची क्लचवायर. तिच्या एका टोकाला धातूची गोळी मुळातच असते. त्या गोळीमागं छोटा डोळा वळवला होता, अन् दुसरं टोक त्यातून ओवून सरकता फास केला होता. जनावर जितकं ओढणार तितका आवळणार, सैल कधीच होणार नाही. मोकळं टोक बाभळीच्या खुंटीला पिळून बांधलेलं. फास जमिनीपासून वीत-दीड वीत वर, डुकराच्या डोक्याच्या मापानं. दोन्ही अंगांना बोरीच्या काट्या अशा खोचलेल्या, की जनावर मधूनच जाणार. हे सगळं टेप लावून मोजलं अन् लिहिलं. फास कागदात गुंडाळून लाखेचं सील लागलं, वर पंचांच्या सह्या झाल्या.

याला एवढं महत्त्व का, ते साहेबांनी मोठ्या खुशीनं समजावलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. फास लावून किंवा सापळा लावून पकडणंही शिकारच, अन् तसा प्रयत्न केला तरी शिकारच. म्हणजे रिकामा फास सापडला तरी गुन्हा होतो, पण तो लावलेला होता हे कागदावर दिसायला पाहिजे. बांधावरून उपटून खिशात घातलेल्या वायरीवरून काय सिद्ध होणार? तुम्हाला कधी दिसला, तर आहे तसा राहू द्या, लांबून फोटो काढा अन् मग फोन करा.

गर्दीत दोघा-तिघांनी लगेच पारध्यांचं नाव घेतलंच. आमच्याकडं हे ठरलेलंच. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला, १९५२ साली तो कायदा गेला, शिक्का काही गेला नाही. फासेपारध्यांचा जुना फास तातीचा, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या दोरीचा, नाहीतर केसाचा, जनावरागणिक वेगळा. इथं होती गावातल्या गॅरेजची वायर, अन् राखायचं होतं हरभऱ्याचं पीक. कुणाचं काम असेल ते मला वाटतं सगळ्यांनाच कळत होतं.

जबाबाच्या वेळी मलाच विचारलं, "शेत तुमचं, मग फास तुम्ही लावला नाही कशावरून?" याच भीतीनं लोक कळवत नाहीत. मी सातबारा, आधार अन् पहाटे काढलेले फोटो पुढं ठेवले. फोन मीच केला होता, त्याची वेळ त्यांच्याकडं नोंदलेली होती. जबाब पूर्ण वाचून मगच सही केली. एका ठिकाणी "माझ्या सालगड्यास माहिती होती" असं आलं होतं, ते खोडून घेतलं. पंचनाम्याची नक्कल मागितली तर "नंतर या" झालं. अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा मिळाली.

अन् एक, हरभऱ्याच्या नुकसानीचा अर्ज यात घुसडू नका. तो वेगळा, त्याचा पंचनामाही वेगळा होतो, अन् तो पीक उभं आहे तोवरच करून घ्यावा लागतो.