धारगळच्या पुढची दुपार

सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला (सणाला) पायी जुन्या गोव्याला जायचे, हे कित्येक वर्षे मनात होते. ३० नोव्हेंबरच्या पहाटे आमचा गट सावंतवाडीहून निघाला तेव्हा मलम, पट्ट्या, जादा मोजे, खाऊ असे सगळे मी पिशवीत भरले होते आणि ती पिशवी सामानाच्या टेम्पोत ठेवली होती. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला प्रसंग मी धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी शिकवते: येशू आपल्या बारा शिष्यांना पाठवतो आणि वाटेसाठी काठी, झोळी, भाकरी, पैसा, काहीच घेऊ नका म्हणून बजावतो. मग ते जेवत कुठे, असे मुले विचारतात. देव पुरवतो, असे मी सांगते. ते उत्तर खरेच आहे. पण कोणाच्या हातांनी पुरवतो, हे मी कधी सांगितले नव्हते.

पहिला दिवस तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणण्यात आणि गाण्यांत सरला. दुसऱ्या दिवशी धारगळ ओलांडल्यावर, कोलवाळचा पूल यायच्या आधी, उजव्या टाचेवरचा फोड इतका ताणला गेला की पाऊल टेकवताच डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. टेम्पो केव्हाच म्हापशाला पोहोचला होता. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. वेदना प्रभूला अर्पण करा, थांबू नका, असे गटप्रमुख पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, तरीही मला त्यांचा मनापासून राग आला. आणि ओठांवर ‘नमो मारिया’ ही प्रार्थना चालू असताना पोटात असा राग असावा, याने मी आणखी खचले. शेवटी त्यांना पुढे जायला सांगून रस्त्याकडेच्या एका घराच्या पायरीवर बसले.

अंगणात तुळशीवृंदावन होते. आतून एक वयस्क मावशी बाहेर आल्या, माझ्या पायाकडे पाहिले आणि काही न विचारता आत गेल्या. परतल्या त्या कोमट पाण्याचे घमेले, मीठ, सुई आणि पांढरा दोरा घेऊन. ‘पांय हांगा दवर, बाय,’ म्हणाल्या. मी पाय मागे घेतला. आईच्या वयाच्या बाईने, तेही परक्या, माझ्या धुळीने माखलेल्या पायाला हात लावावा, हे मला सहन होईना. त्यांनी घोटा धरून पाय सरळ पाण्यात घातला. मग सुई दिव्याच्या ज्योतीवर धरली, फोडाच्या एका कडेने आत घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा दोन्ही बाजूंना बोटभर ठेवून तोडला. पाणी दोऱ्यावाटे हळूहळू निथळू लागले. ‘दोरो काडूं नाका, भितर आसूं दी,’ असे त्यांनी बजावले. आषाढीला दिंडीबरोबर त्या पंढरपूरला चालत गेल्या होत्या. ही युक्ती तिथलीच.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस, असे त्याचा शिष्य पेत्र येशूला म्हणतो, तो त्याचा विनय आहे असेच मी समजत होते. त्या पायरीवर मला कळले की तो नकार होता. पाय पुढे करणे हेसुद्धा शिष्याला शिकावे लागते, आणि मला ते सेवा करण्याहून कितीतरी अवघड गेले.

म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीपुढे (मारियामातेपुढे) मेणबत्ती लावली. पणजी, रायबंदरचा बांध, सगळे चालण्यात मागे पडले. २ डिसेंबरच्या संध्याकाळी बॉम जेझू चर्चच्या उघड्या जांभ्याच्या भिंती दिसल्या, तेव्हा नोव्हेनाची, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, शेवटची मिस्सा चालू होती. सायबाच्या शवाचे जाहीर दर्शन २०२४च्या नोव्हेंबरात सुरू होऊन जानेवारीत संपले होते, त्यामुळे शव ठेवलेली चांदीची पेटी पुन्हा आपल्या जागी उंचावर होती. १५४२ साली गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर इथल्या रस्त्यांवरून घंटा वाजवत मुलांना धर्मशिक्षणासाठी हाका मारत फिरत आणि इस्पितळातल्या रुग्णांची सेवा करत, हे मी वर्गात शिकवलेले आहे. पेटीकडे पाहताना मला ते इस्पितळच आठवत राहिले.

निघताना मावशींनी एकच गोष्ट सांगितली होती: ‘सायबाक म्हजो नमस्कार सांग.’ रांग पुढे सरकत होती, मागून लोक रेटत होते. मी हात जोडले, नमस्कार सांगायला लागले आणि लक्षात आले की मी त्यांचे नावच विचारले नव्हते. मग मी सायबाला घराची खूण सांगितली: धारगळच्या पुढे, रस्त्याकडेला, अंगणात तुळस आहे.